आबा, स्टॅच्यू!

मागच्या शनिवार-रविवारी साताऱ्याला घरी जाऊन आलो. आईला भेटायला, हे अधिकृत कारण. खरं कारण ताईचा फोन. ताई जर्मनीत स्टुटगार्टला असते. तिने गुरुवारी रात्री फोन केला आणि जेवलास का वगैरे काहीही न विचारता सरळ मुद्द्यावर आली.

"बाबांचं काही बिनसलंय का रे?"

"नाही, का गं?"

"गेले तीन रविवार कॉलवर आलेच नाहीत. आई म्हणते बाहेर गेलेत. रविवारी दुपारी तीन वाजता, जुलैच्या पावसात, साताऱ्यात माणूस बाहेर कुठे जातो?"

प्रश्न रास्त होता. मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की गेल्या दोनेक महिन्यांत बाबांनी मलाही फोन केलेला नाही. म्हणजे मी करायचो तेव्हा बोलायचे, पण स्वतःहून नाही.

थोडी पार्श्वभूमी. बाबा एसटीत होते. विभागीय कार्यशाळेत हेड मेकॅनिक. तीसएक वर्षं लाल डब्यांची इंजिनं खाली-वर केली आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. तेव्हापासून घरात दोनच गोष्टी काट्यावर होतात. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फेरी, आणि रविवारी दुपारी तीनला जर्मनीचा कॉल. तिकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. (हिवाळ्यात ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात. सरकार सांगतं म्हणून घड्याळ मागं करायचं, हे बाबांना अजून पटलेलं नाही.) कॉल मोबाईलवर होत नाही. मोबाईलवर नात बिस्किटाएवढी दिसते, हे बाबांचं म्हणणं. म्हणून आतल्या खोलीतला डेस्कटॉप, त्याचा चोवीस इंची मॉनिटर, वर चिकटवलेला वेबकॅम आणि समोर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले बाबा.

नात, म्हणजे आमचं भाचीरत्न, साडेचार वर्षांची. तिला ताईने स्टॅच्यू-ओव्हर खेळायला शिकवलंय. नेट अडकलं की बाबा पडद्यावर थिजायचे. कधी तोंड उघडं, कधी डोळे अर्धवट मिटलेले. भाचीला वाटायचं आबा स्टॅच्यू झालेत. ती तिकडून जीव खाऊन "ओव्हर!" ओरडायची, आणि नशिबाने त्याच वेळी नेट सुटलं तर आबा हलायचे. दोन-तीन महिने हा खेळ फार रंगला. मग मुलांचं होतं तसं झालं. कंटाळा आला. शेवटच्या कॉलमध्ये ती म्हणाली, "आई, आबा परत अडकले. मी जाऊ खेळायला?"

चित्र अडकलं तरी आवाज बऱ्याचदा जातो-येतो. आवाजाला पन्नासेक केबीपीएस पुरतात, चित्राला दीड-दोन एमबीपीएस लागतात. त्यामुळे बाबांनी हे वाक्य नीट ऐकलं. पुढच्या रविवारपासून ते 'बाहेर' जायला लागले.

हे सगळं मला आईने शनिवारी सकाळी पोहे देता देता सांगितलं. बाबा तेव्हा खरोखरच बाहेर होते.

आता यात अस्मादिकांचा वाटा काय, तेही सांगून टाकतो. गेल्या नोव्हेंबरापासून बाबा मला फोनवर सांगत होते की नेट स्लो आहे. मी दर वेळी एकच उत्तर दिलं. "राउटर बंद करून चालू करा." ते करायचे. चार दिवसांनी परत फोन. मग मी, "कॉम्प्युटर रीस्टार्ट करा." ऑफिसात क्लायंटची अशी तक्रार आली तर आम्ही तिकीट उघडतो, लॉग मागवतो, कधीपासून होतंय विचारतो, रात्री अकराला कॉल लावून बसतो. बाबांना मात्र मीटिंगच्या मधल्या दीड मिनिटात बंद-चालू. एप्रिलमध्ये कधीतरी मीच विचारलं होतं, नेट कसंय आता? तर म्हणाले, "ठीक आहे रे. मलाच नीट वापरता येत नसेल."

मला ते वाक्य ऐकून बरं वाटलं होतं. एक तिकीट क्लोज झालं ना!

तर शनिवारी अकरा वाजता बाह्या सरसावून बसलो. बाबा आले, शेजारी खुर्ची घेऊन बसले. काही बोलले नाहीत.

पहिला नियम, आजार कुठल्या गावात आहे ते ठरवा. नेट स्लो म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. बाहेरून येणारी लाईन, घरातलं वायफाय, किंवा खुद्द कॉम्प्युटर. माझा लॅपटॉप हॉलमध्ये नेला, केबलने राउटरला जोडला. शंभरच्या प्लॅनवर 96 एमबीपीएस. म्हणजे लाईन निर्दोष. मग मोबाईल घेऊन आतल्या खोलीत डेस्कटॉपच्या शेजारी उभा राहिलो. 62. म्हणजे वायफाय भिंत ओलांडून इथपर्यंत व्यवस्थित पोचतंय. आता डेस्कटॉपवर तीच टेस्ट. डाऊनलोड 4, अपलोड 0.6.

त्याच टेबलावर, एक हाताच्या अंतरावर, मोबाईलला 62 आणि डेस्कटॉपला 4. म्हणजे आजार डेस्कटॉपचं वायफाय कार्ड आणि त्याच्या आजूबाजूला. निम्मं काम झालं म्हणून मी चहा मागवला.

खात्री म्हणून डेस्कटॉपवरून राउटरलाच पिंग केलं. पिंगमध्ये इंटरनेटचा काही संबंध नाही, घरातल्या घरात "आहेस का?" "आहे" एवढंच. हॉल आणि ही खोली यांच्यामध्ये एक विटांची भिंत, तेव्हा उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत यायला हवं. आलं 40, मग 210, मग 9, मग उत्तरच नाही. शंभरातले अकरा पिंग हरवले.

मग सुरू झाला माझा आवडता भाग, म्हणजे खुर्चीत बसून करता येणारे सगळे उपाय. आधी ड्रायव्हर. जुना काढला, कंपनीचा नवा टाकला, रीस्टार्ट. 4. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची जी परवानगी विंडोजकडे असते ती काढून घेतली. 4. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद. 4. मागे पडद्याआड कोणी अपडेट उतरवतंय का पाहिलं, कोणीच नाही. कार्डाच्या सेटिंग्जमध्ये 5 गिगाहर्ट्झला प्राधान्य दिलं, तर ते नेटवर्क यादीत दिसेचना. मोबाईलला दिसतंय, डेस्कटॉपला नाही. म्हटलं कार्ड जुनं, त्याला तो बँड येत नसेल. (येत होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. खोक्याची गोष्ट पुढे येईल.)

मग चॅनल. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे 2.4 ते 2.4835. अख्खी जागा साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झची. त्यात 13 चॅनल मोजतात, पण दोन चॅनलमध्ये अंतर फक्त 5 मेगाहर्ट्झ आणि एका वायफायला लागतात साधारण 20, त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न बसणारे तीनच, 1, 6 आणि 11. स्वारगेटच्या फलाटावर तीन गाड्यांची जागा आणि तेरा बोर्ड, तसं. भारतात हा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला, म्हणून आज कोणीही राउटर आणून लावू शकतो. आमच्या आजोबांना साधा रेडिओ ठेवायलाही पोस्टातून परवाना काढावा लागायचा, ते पुस्तक अजून ट्रंकेत आहे. परवाना नाही म्हणून गर्दी आहे. आमच्या गल्लीत मोबाईलला नऊ नेटवर्कं दिसली, त्यातली सहा 6 नंबरवर. आम्हीही 6 वर. राउटर 11 वर नेला. 5!

"झालं?" बाबांनी विचारलं.

"सुधारतंय," मी म्हणालो. पंचवीस टक्के सुधारणा, ऑफिसात यावर स्लाईड बनवली असती.

रात्री जेवताना मी जाहीर केलं की कार्ड गेलंय, नवीन मागवतो, पुढच्या आठवड्यात येईल. बाबा म्हणाले, "गेलंय म्हणजे? चालतंय की थोडं थोडं." मी म्हणालो, "बाबा, हार्डवेअर असंच जातं." ते गप्प बसले. पण झोपायच्या आधी आईला हळूच म्हणाले ते मला ऐकू आलं. "गाडी ओढत नाही म्हणून लगेच इंजिन उतरवत नाहीत."

रविवारी सकाळी पाऊस मी म्हणत होता, फेरी रद्द. बाबा पेपर वाचत बसले होते. मी दात घासता घासता सहज विचारलं, "बाबा, हे नेमकं कधीपासून होतंय?"

खरं सांगतो, उत्तराची अपेक्षा नव्हती. वेळ काढायला विचारलं होतं.

बाबा उठले आणि टेबलाच्या खणातून एक वही घेऊन आले. दोनशे पानी, उभी, लाल कापडी पुठ्ठ्याची. एसटीत ड्रायव्हर गाडीबद्दलची तक्रार लॉगशीटवर लिहून देतो आणि वर्कशॉपचं काम तिथून सुरू होतं. बाबांनी घरच्या कॉम्प्युटरची लॉगशीट ठेवली होती. तारीख, वेळ, तक्रार, काय केले, फरक. स्वच्छ रेघा मारून, पट्टीने.

मी ब्रश तोंडात तसाच ठेवून वाचायला लागलो.

18 नोव्हेंबर. फायबर बसवले. राउटर आतून हॉलमध्ये हलवला. कॉल अडकला.

19 नोव्हेंबर. चिरंजीवांना फोन. राउटर बंद-चालू केला. फरक नाही.

24 नोव्हेंबर. मुलगी दिसते, हलते. मी तिकडे थांबतो. म्हणजे येताना ठीक, जाताना नाही?

7 डिसेंबर. कपाटाचे दार उघडे ठेवले असता थोडे बरे. बंद केले असता वाईट. तीनदा करून पाहिले.

पावसाने फरक पडत नाही, लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर फरक पडत नाही, रात्री दहानंतर किंचित बरे. दर चार-पाच दिवसांनी एक नोंद. आणि प्रत्येक नोंदीसमोर 'काय केले' या रकान्यात जवळजवळ एकच ओळ. चिरंजीवांना फोन. बंद-चालू केले. फरक नाही.

तुमच्यातल्या नेटवर्किंगवाल्यांना एव्हाना कळलं असेल. मी दिवसभर खुर्चीत बसून जे शोधू शकलो नाही ते सगळं या वहीत होतं. राउटर लांब गेला त्या दिवसापासून तक्रार, म्हणजे सिग्नलचा प्रश्न. कपाटाचं दार हललं की फरक, म्हणजे सिग्नल इतका काठावर आहे की लोखंडी पत्र्यावरून उडून येणाऱ्या लहरींवर जगतोय. आणि सगळ्यात भारी, 'येताना ठीक, जाताना नाही'. राउटर साधारणपणे जास्त ताकदीने ओरडतो, तो डेस्कटॉपला कसाबसा ऐकू येतो. डेस्कटॉपचा आवाज मुळात लहान, तो राउटरपर्यंत पोचत नाही. वायफायमध्ये प्रत्येक पाकिटाची पोचपावती यावी लागते, रजिस्टर पोस्टासारखी. पावती आली नाही की पाकीट परत पाठवायचं, तरीही नाही आली की वेग कमी करून पाठवायचं. त्यामुळे स्टुटगार्टमध्ये बाबा पुतळा, आणि इकडे नात पडद्यावर नाचताना दिसतेय.

तोंड धुवून आलो. कमांड प्रॉम्प्टमध्ये सिग्नल पाहिला. 32 टक्के. विंडोजच्या हिशोबात हे म्हणजे साधारण उणे 84 डीबीएम. उणे 65-67 च्या खाली गेलं की व्हिडिओ कॉलला त्रास व्हायला लागतो, 84 म्हणजे अगदीच शेवटचे श्वास. हा आकडा काल पहिल्या पाच मिनिटांत बघायला हवा होता. मी ड्रायव्हर टाकत बसलो होतो.

"बाबा, मला जरा सीपीयूची मागची बाजू बघू दे," म्हणत मी टेबल ओढायला लागलो.

"पुढचं पान बघ आधी," बाबा म्हणाले.

14 जानेवारी. साफसफाई करताना पाहिले, मागे दोन पितळी नळ्या मोकळ्या आहेत, आटे आहेत. काहीतरी बसायचे असावे. चिरंजीवांना विचारले. हात लावू नका म्हणाले.

मला तो फोन आठवला. अगदी स्पष्ट आठवला. संक्रांत होती, आमचं रिलीज होतं. बाबा म्हणाले होते, "अरे, मागे दोन नळ्या..." आणि मी त्यांना मध्येच तोडून म्हणालो होतो, "बाबा, मागे कशालाही हात लावू नका, काहीतरी निघेल आणि मला तिकडे यावं लागेल." वाक्य बहुतेक असंच होतं. 'मला तिकडे यावं लागेल' हे तर नक्की होतं.

टेबल ओढलं. मागे जळमटं, आणि वायफाय कार्डाच्या पट्टीवर सोनेरी आटे असलेल्या दोन नळ्या. मोकळ्या. त्यावर अँटेना असायला हव्या होत्या. दोन्ही नव्हत्या.

आता हे कार्ड कोणी बसवलं? मीच. 2021 च्या मे महिन्यात. तेव्हा मी घरूनच काम करत होतो आणि हा डेस्कटॉप माझा होता. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि मदरबोर्डचा लॅन पोर्ट मेला. (म्हणूनच आता केबल टाकून मोकळं होता येत नव्हतं.) मी वायफाय कार्ड मागवलं. कुरिअर रविवारी संध्याकाळी आलं, सोमवारी सकाळी डिलिव्हरी. खोकं फोडलं, कार्ड स्लॉटमध्ये दाबलं, डबा बंद केला, टेबल भिंतीला लावलं, कॉम्प्युटर चालू केला. कनेक्टेड! अँटेना खोक्यातच वेगळ्या पिशवीत होत्या. टेबल परत ओढायचा कंटाळा आला. नंतर लावू म्हटलं.

आणि ते चाललं. कारण तेव्हा राउटर त्याच टेबलावर होता, कार्डापासून वीतभर अंतरावर. एवढ्या जवळून त्या उघड्या नळीतूनही काम भागतं. शिवाय लाईन टेलिफोनच्या तारेवरची, आठ एमबीपीएसची. कार्ड अर्धमेलं आहे हे कळायला वावच नव्हता. वर्षभराने मी पुण्याला आलो, डेस्कटॉप बाबांना दिला. गेल्या नोव्हेंबरात फायबर आलं, राउटर भिंतीपलीकडे गेला आणि माझी चूक उघडी पडली. फक्त ती बाबांच्या नावावर पडली.

"बाबा, याला अँटेना लागतात. मी लावल्याच नव्हत्या."

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "एरियल होय," म्हणाले. "मग बरोबर. एरियल न ओढता रेडिओ सिलोन लावल्यासारखं झालं की."

मग त्यांनी मला लहानपणची एक गोष्ट सांगितली, आणि मला आठवत होती तीही सांगितली. त्यांची अशी की शॉर्ट वेव्हवर गाणी ऐकायला त्यांनी खिडकीपासून आंब्याच्या झाडापर्यंत तांब्याची तार ओढली होती. माझी अशी की पाऊस-वारा झाला की बाबा गच्चीवर जाऊन दूरदर्शनचा अँटेना फिरवायचे, आई दारात उभी, मी टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं, गेलं!" माझं काम ओरडायचं. तीन-चार वर्षांचा असेन, पण त्या यंत्रणेतला माझा हुद्दा मला आठवतो.

आमच्या पिढीचं काय झालं, तर अँटेना दिसेनाशी झाली. मोबाईलच्या कडेत गेली, लॅपटॉपच्या पडद्यामागे गेली. ती दिसत नाही म्हणून ती असते हेच डोक्यातून गेलं. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, अँटेनावर पेपर दिला, पासही झालो. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब आणि तिच्या पाव लांबीची, म्हणजे तीनेक सेंटिमीटरची तार हा सगळ्यात साधा अँटेना, हे मला आजही पाठ आहे. बाबांना त्यातलं काही माहीत नाही. पण नळीला आटे आहेत म्हणजे त्यावर काहीतरी बसायचं आहे, हे त्यांना माहीत होतं.

पुढचा प्रश्न, चार वर्षांपूर्वीच्या पिशवीतल्या अँटेना आता कुठून आणायच्या? मी मोबाईलवर शोधायला लागलो. आई म्हणाली, "ते काळ्या शेपट्यांसारखे दोन होते ते का?" आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढली. आमच्या घरात कुठलंही खोकं टाकून दिलं जात नाही, यावरून मी आईशी आयुष्यभर भांडलोय. पाच मिनिटांनी कंदी पेढ्यांचा एक जुना डबा खाली आला. त्यावर आईच्या अक्षरात 'नेटचे काहीतरी' असं लिहिलेली पट्टी. आत कार्डाचं खोकं, त्यात न उघडलेली पिशवी. पिशवीत दोन अँटेना.

मी लावायला वाकलो तर बाबांनी हात पुढे केला. मी दिल्या. ते गुडघ्यावर बसले, एका हाताने नळी धरली, दुसऱ्याने अँटेना आधी उलटी फिरवून आटा जुळल्याची टिचकी ऐकली, मग सुलटी फिरवली. मी पक्कड आणू का विचारलं. "हाताने घट्ट तेवढं पुरे," म्हणाले. "पितळ आहे, पाना लावला की आटे जातात." दोन्ही बसवल्या. एक उभी ठेवली, एक थोडी तिरपी. मग हातरुमालाने धूळ पुसली.

सिग्नल 84 टक्के. म्हणजे उणे 58. 32 वरून 84 हे अडीच पट वाटतं, पण डेसिबलचा हिशोब वेगळा. दर दहा डेसिबलला दहापट. उणे 84 ते उणे 58 म्हणजे 26 डेसिबल, म्हणजे सिग्नलची ताकद सुमारे 400 पट. 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत आपोआप उगवलं. त्यावर जोडून टेस्ट केली. डाऊनलोड 78, अपलोड 71. राउटरला शंभर पिंग, शंभर उत्तरं, सगळी पाचाच्या आत. बाबा म्हणाले, "परत एकदा कर." परत केलं. मग त्यांनी स्वतः जाऊन कपाटाचं दार बंद केलं. "आता कर." फरक नाही. मग उघडलं. फरक नाही. मगच त्यांचा विश्वास बसला.

पावणेतीनला बाबा आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी काही बोललो नाही, आईही बोलली नाही. तीन वाजता कॉल लागला. ताई एकदम "बाबा!" म्हणून ओरडली आणि मग काहीच सुचेना म्हणून "तब्येत कशी आहे?" म्हणाली. भाची आली, एक मोजा घातलेला, एक हातात. तिने नवीन सायकल दाखवली, पडलेला दात दाखवला (पडला नव्हता, हलत होता), बागेतली गोगलगाय दाखवली. वीस मिनिटं झाली. मध्ये ती थांबून पडद्याच्या अगदी जवळ आली आणि संशयाने म्हणाली,

"आबा, तू आज स्टॅच्यू का नाही होत?"

"तू म्हणालीच नाहीस," बाबा म्हणाले.

"स्टॅच्यू!"

बाबा थिजले. तोंड उघडं, एक भुवई वर, हात हवेत. ताईचा चेहरा पडला, तिला वाटलं परत गेलं नेट. मी मागून अंगठा दाखवला तेव्हा तिच्या लक्षात आलं. भाचीने बराच वेळ सोडलंच नाही. बाबा डोळे न मिटता तसेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पापणी न लववल्यामुळे, असं त्यांनी नंतर सांगितलं.

"ओव्हर!"

संध्याकाळच्या गाडीने निघालो. बाबा स्टँडवर सोडायला आले. मी म्हणालो, "बाबा, सॉरी." ते म्हणाले, "कशाचं?" आणि गाडी फलाटाला लागताना कान देऊन ऐकत उभे राहिले. "क्लच प्लेट घासतेय हिची. पुण्यापर्यंत जाईल, काळजी नको." मी चढलो. गाडी पुण्याला पोचली.

निघण्याआधी बाबा आंघोळीला गेले असताना मी वही परत उघडून पाहिली होती. त्या दिवसाची नोंद लिहून झाली होती. नेहमीच्या रेघा, नेहमीचं अक्षर.

तक्रार: कॉल अडकणे.
कारण: एरियल बसवलेले नव्हते.
काय केले: दोन्ही एरियल बसवले. चाचणी घेतली. दार बंद व उघडे, दोन्ही ठीक.
फरक: पूर्ण.
मूळ काम केलेल्या फिटरचे नाव: चिरंजीव.

त्याखाली शेऱ्यासाठी एक रकाना होता, तो त्यांनी कोरा ठेवला होता. मी पेन घेतलं, विचार केला, आणि तसाच ठेवून दिला. वही त्यांची आहे.